कागद दाराशीच आवरा

ताई, घरातले कागद आवरायला अख्खं कपाट एकाच रविवारी काढू नका, पसाराच वाढतो. टपाल आलं की दाराशीच बघा. लग्नपत्रिकेची तारीख लगेच कॅलेंडरवर लिहा, जाहिराती रद्दीत. वीजबिल, बँकेचं पत्र एका पिशवीत. पोरं झोपली की शनिवारी ती पिशवी रिकामी करायची.

मुलांची फाईल मात्र प्रत्येकाची स्वतंत्रच हवी: जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, जातीचा दाखला, आधार. आधारचं बायोमेट्रिक 5 आणि 15 वर्षं पूर्ण झाल्यावर अद्ययावत करावं लागतं, त्या तारखा फाईलच्या आतल्या पानावर लिहूनच ठेवा. ऐन प्रवेशाच्या दिवसांत धावपळ फार जिवावर येते.

दुकानाच्या गुळगुळीत पावत्यांचे फोटो त्याच दिवशी काढा. जळगावच्या मे महिन्यात त्यावरची अक्षरं लवकर उडतात. सातबारा तर डिजिटल सहीचा ऑनलाइन मिळतो, जुन्या झेरॉक्स बिनधास्त काढून टाका.