कर्जाचं नंतर बघू, आधी आईच्या नावावरची एफडी परत आणा

पुण्याच्या ४१ वर्षांच्या वाचकाचं पत्र आहे. कुटुंब न्यायालयात घटस्फोट आणि पोटगीचं प्रकरण चालू आहे, बोलणी एकरकमी २० लाखांवर आली आहेत. विचारतात, १३ टक्क्यांनी पर्सनल लोन काढू की २२ लाखांचे म्युच्युअल फंड मोडू?

कर्ज नको. पाच वर्षांसाठी हप्ता साधारण ४५,५०० रुपये, नुसतं व्याज सव्वासात लाख. "फंड पाच वर्षांत दुप्पट होतील" हे तुम्हाला कोणी सांगितलं? त्याला दरवर्षी जवळपास १५ टक्के लागतात. हप्ता मात्र पाच तारखेला कापला जाणारच.

पण मला धास्ती वाटली ती पत्राच्या शेवटच्या दोन ओळींची. मार्चमध्ये मित्राचं ऐकून तुम्ही १८ लाखांची एफडी मोडून आईच्या नावावर केलीत. दहा दिवसांपूर्वी तीन लाख हप्त्याची विमा पॉलिसी घेतलीत, कारण एजंट म्हणाला, "याला कोर्ट हात लावत नाही." साफ खोटं! रजनेश विरुद्ध नेहा या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यात पॉलिसीही येते. आणि १८ लाख कुठे गेले ते बँकेच्या उताऱ्यात एका ओळीत दिसतं. खोटं लिहिलंत तर कारवाई तुमच्यावरच.

प्रतिज्ञापत्र पुढच्या तारखेला द्यायचंय, म्हणजे अजून हातात आहे. वकिलांना आजच सगळं सांगा. आईंना घेऊन बँकेत जा, पैसे तुमच्या खात्यात आणा. मुदतीआधी मोडल्याचा थोडा दंड बसेल, बसू दे. पॉलिसी फ्री-लुकमध्ये, म्हणजे नको असेल तर परत करायच्या मुदतीत, परत करा. त्याला ३० दिवस असतात, किरकोळ कापून पैसे मिळतात. अठरा आणि जवळपास तीन, झाले की २० लाख. बोलणी थोडी वर सरकली तरी फंड आहेत.

"२० लाख दिले की विषय संपला," असंही लिहिलंय. बायकोपुरतं तसं संमतीच्या अटींत लिहून घेता येईल. मुलीचा पोटगीचा हक्क तिचा स्वतःचा. तुम्हा दोघांच्या सहीने तो जात नाही. तिच्या शिक्षणाचे पैसे वेगळे धरा.

चार महिने ती भेटलेली नाही, तिच्यासाठी आणलेली सायकल अजून खोक्यात आहे, आणि घरचे म्हणतात पुरुषाने रडायचं नसतं. वाचून पोटात कालवलं. रडा. झोप उडाली असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, पैसे पडत नाहीत. मुलीच्या भेटीचा अर्जही त्याच न्यायाधीशांपुढे आहे. तुम्ही पैसे दडवलेत हे तिथे निघालं, तर भेटीबद्दलचा तुमचा शब्द कोण धरणार? म्हणून त्या १८ लाखांवर मी एवढा अडून बसलोय.