वाचकांचे प्रश्न : कादंबरीतली माणसं पोटासाठी काय करतात?

प्रश्न : परीक्षणं आम्ही वाचतोच. पण तुम्ही इतकी वर्षं वाचनालयाच्या देवघेव विभागात बसता, तर तुम्ही स्वतः अलीकडे काय वाचलंत आणि तुम्हाला ते कसं वाटलं, ते सांगा. मी नुकत्याच 'रिंगाण' आणि 'उद्या' लागोपाठ वाचल्या. पहिली आवडली, दुसरीनं दमवलं.
— बँकेतून निवृत्त झालेले एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : या दोन्ही मी याच पावसाळ्यात वाचल्या, त्यातली 'उद्या' दुसऱ्यांदा. आधी 'रिंगाण'बद्दल बोलते. कृष्णात खोत यांच्या या कादंबरीला 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि आमच्याकडे तिची मागणी एकदम वाढली. गोष्ट दोन ओळींची आहे. धरणात गाव गेलेला एक माणूस मागं राहिलेली म्हैस शोधायला पुन्हा त्या रानात जातो आणि म्हैस आता रानाची झालेली असते. एवढ्यावर अख्खी कादंबरी उभी राहते, कारण लेखकाला जनावर कळतं. दावणीला बांधलेल्या म्हशीवर ज्याचं घर चाललंय, त्याची नजर या पुस्तकात आहे. बाहेरून आलेल्या माणसाला ती म्हैस नुसतं प्रतीक वाटली असती. इथं तिला वास आहे, राग आहे, ती अंगावर येते.

तुम्हाला 'रिंगाण' आवडली असेल तर तिच्या पाठोपाठ 'झाडाझडती' घ्या. विश्वास पाटलांची ही कादंबरी 1991 ची. विषय तोच, धरणग्रस्तांचा, पण वाट वेगळी. 'रिंगाण' रानात शिरते, 'झाडाझडती' कचेरीत. आमच्या वाचनालयामागच्या वसाहतीत धरणग्रस्तांची घरं आहेत. बुडीत क्षेत्र, लाभक्षेत्र, संकलन रजिस्टर, पर्यायी जमीन, प्रकल्पग्रस्ताचा दाखला हे पुनर्वसनाच्या सरकारी कारभारातले शब्द तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी रोज असतात. त्यांच्यातले एक आजोबा 'झाडाझडती' परत द्यायला आले, तेव्हा एवढंच म्हणाले, "साहेब लोक असंच बोलतात." लेखक स्वतः प्रशासनात अधिकारी होते, त्यामुळे कागद कुठं अडतो आणि कोण अडवतो हे त्यांना नेमकं ठाऊक आहे. कादंबरीतल्या खैरमोडे गुरुजींची फरफट वाचताना मला संताप आवरत नाही. कादंबरी मध्ये मध्ये लांबते, काही प्रसंग आवाज चढवून सांगितलेत, तरी विस्थापन घडतं कसं हे तिच्याइतकं उघड मराठीत दुसरीकडे वाचलेलं मला आठवत नाही.

आता 'उद्या'. नंदा खरे यांनी ती 2014 मध्ये लिहिली. बायकांची संख्या घटलेली, प्रत्येकावर पाळत, जगण्याच्या सगळ्या नाड्या कंपन्यांच्या हातात, असा नजीकचा काळ त्यांनी रंगवला. तुम्ही दमलात याचं मला नवल वाटत नाही. अनेक धागे एकदम चालू होतात आणि लेखक वाचकाला हात धरून नेत नाही. पण नंदा खरे स्थापत्य अभियंता होते. व्यवस्था कशी जोडलेली असते, कुठला भार कुठं जातो, हे ते अभियंत्याच्या डोळ्यांनी बघतात. म्हणून त्यांचं भविष्य कल्पनेचं वाटत नाही. मी तिला गेल्या वीस वर्षांतल्या सर्वांत महत्त्वाच्या मराठी कादंबऱ्यांत धरते. तिला 2020 चा अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि खरे यांनी तो नाकारला. पुरस्कार घ्यायचे नाहीत, असं त्यांनी आधीच ठरवलं होतं. एका बैठकीत ती संपवू नका. रोज एखादं प्रकरण वाचा आणि नावं जवळच्या कागदावर टिपून ठेवा.

एवढं सगळं वाचून माझ्या मनात एक कसोटी पक्की झाली आहे. ग्रामीण, विज्ञान, भय, ऐतिहासिक ही नावं आम्ही कपाटं लावायला वापरतो. वाचताना मी बघते की कादंबरीतली माणसं पोटासाठी काय करतात आणि लेखकाला ते काम आतून माहीत आहे का. ते खरं असेल, तर भूत आणा नाहीतर यंत्रमानव, माझा विश्वास बसतो.

प्रश्न : आमचा मुलगा दहावीत आहे. इंग्रजी थरारक आणि विज्ञान कादंबऱ्यांचा फडशा पाडतो, मराठी पुस्तक हातात धरत नाही. 'मराठीत सगळं शेतीचं किंवा रडकं असतं,' म्हणतो. काय देऊ?
— एक आई, नाशिक

उत्तर : त्याला 'वामन परत न आला' द्या. जयंत नारळीकरांची ही छोटी कादंबरी तो एका रविवारात संपवेल. जमिनीखाली एका प्राचीन, प्रगत संस्कृतीची ठेव सापडते, तिच्यातल्या माहितीवरून शास्त्रज्ञ वामन हा यंत्रमानव घडवतात आणि ती संस्कृती नष्ट का झाली हे उलगडत जातं. यंत्रं स्वतःच विचार करू लागली तर काय, हा आजचा प्रश्न तिथं कितीतरी आधी येऊन गेला आहे. मला त्यातले शास्त्रज्ञ खरे वाटतात. ते वाद घालतात, एकमेकांवर शंका घेतात, परवानगीसाठी थांबतात. भाषा साधी आहे, स्वभावचित्रण थोडं सपाट आहे, पण कल्पना मजबूत आहे. त्याला हेही सांगा की नारळीकरांनी पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावानं पाठवली होती आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली होती. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ असूनही त्यांना नावाच्या वजनावर बक्षीस नको होतं. 2025 च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा आमच्याकडच्या त्यांच्या पुस्तकांचं कपाट आठवडाभर रिकामं होतं.

थरार हवा असेल तर नारायण धारप. 'तुंबाड' चित्रपट त्यानं पाहिला असेलच. चित्रपटाचं नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून आलं, पण भयाचं बीज धारपांच्या 'आजी' या कथेतलं आहे. हे कळलं की अशी मुलं स्वतःहून धारप मागतात. धारपांची भीती जुन्या वाड्यातून, माजघरातून, रोजच्या स्वयंपाकपाण्याच्या आवाजातून येते. म्हणूनच ती पुस्तक मिटल्यावरही जात नाही. भयकथेला साहित्यात न धरणाऱ्यांशी मी नेहमी भांडते.

शेती आणि रडण्याचं म्हणाल, तर ते उत्तर 'बनगरवाडी' देईल, पण ती थोडी नंतर द्या. व्यंकटेश माडगूळकरांची 1955 ची ही कादंबरी म्हणजे जेमतेम विशीतला मास्तर, माणदेशातली धनगरांची वस्ती आणि मुलं नसलेली शाळा. नांगराला दुसरा बैल नाही म्हणून शेकूची बायको जोखड आपल्या खांद्यावर घेते, तो प्रसंग माडगूळकर एकही हुंदका न काढता लिहितात. तुमच्या मुलाला रडकं आवडत नाही ना? मग हा लेखक त्याचाच आहे.

प्रश्न : आमच्या वाचनगटात 'रणांगण' झाली. निम्म्या जणी म्हणाल्या, चक्रधर स्वार्थी आहे, त्यानं हॅर्टाला वाऱ्यावर सोडलं. तुमचं मत?
— गृहिणी, मडगाव

उत्तर : वाऱ्यावर सोडलं हे खरंच आहे आणि लेखक विश्राम बेडेकर ते लपवत नाहीत. म्हणूनच ही कादंबरी मोठी आहे. 1939 मध्ये छापलेली, युरोपातून येणाऱ्या बोटीवर घडणारी गोष्ट. हॅर्टा जर्मनीतून हाकललेली ज्यू मुलगी आहे, तिला मुंबईत उतरता येणार नाही, तिला पुढं जायचंय. चक्रधर जुन्या प्रेमाच्या जखमेमुळं कुठंच गुंतायला तयार नसतो आणि गुंततो. तुमच्या गटानं एक गोष्ट बघावी : त्या बोटीवर कुणालाच काम नाही. जेवायचं, डेकवर फिरायचं, पुढच्या बंदराची वाट बघायची. कामाशिवाय माणूस उघडा पडतो, आणि आपला देश, घर, धंदा सगळं हिरावलेल्या त्या ज्यू कुटुंबांचं नुसतं बसून राहणं मला युद्धाच्या कुठल्याही वर्णनाहून भयानक वाटतं.

चक्रधरला मी माफ करत नाही. पण त्याला खलनायक ठरवून गटानं सुटका करून घेऊ नये. बोट बंदराला लागली आणि तो आपल्या घरी गेला. त्या काळी अनेक देशांनी दारं लावून घेतली होती, तो त्यांच्यातलाच एक आहे. पुढच्या बैठकीत शेवटची पंधरावीस पानं मोठ्यानं वाचा. हॅर्टाचा शेवट ऐकल्यावर चर्चा आपोआप दुसरीकडे वळेल.

प्रश्न : 'तुंबाडचे खोत'चे दोन जाड खंड घरात आहेत. सुरुवात केली की नात्यांत गोंधळून सोडून देते. सोडावी का?
— परिचारिका, चिपळूण

उत्तर : सोडू नका. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करत होते, पण त्यांची लेखणी कायम तुमच्याच बाजूच्या, जगबुडी नदीच्या काठावर राहिली. खोतकी (गावाचा सारा वसूल करण्याचा वंशपरंपरेचा अधिकार) म्हणजे काय, ती घराला कशी वर काढते आणि कशी पोखरते, हे त्यांना पिढ्यांच्या हिशेबानं मांडायचं होतं, म्हणून माणसं इतकी. पहिला खंड वाचताना खोतांची वंशावळ एका कोऱ्या पानावर काढा आणि ते पान पुस्तकातच ठेवा. चिपळूणहून जगबुडीकाठचं खेड जवळच आहे. पहिला खंड संपला की एका सुट्टीच्या दिवशी जगबुडीचा काठ बघून या आणि मग दुसरा घ्या.