रेमिंग्टन विकली गेली म्हणजे नक्की काय काय विकलं गेलं?

तुमचा प्रश्न असा आहे: रेमिंग्टन ही दोनशे वर्षांची अमेरिकन बंदूक कंपनी दिवाळखोरीत जाऊन विकली गेली, मग त्याच नावाच्या बंदुका आणि काडतुसं आजही दुकानात कशी मिळतात? आणि जुन्या बंदुकीची वॉरंटी मागायची कुणाकडे?

कंपनी अशी विकली गेलीच नाही. तिची मालमत्ता विकली गेली, तीही तुकड्यातुकड्यांनी, सात वेगवेगळ्या खरेदीदारांना. देणी मात्र बहुतेक सगळी जुन्या कंपनीच्या रिकाम्या सांगाड्यात मागे राहिली. हा फरक लक्षात आला की बाकीचा गुंता सुटतो.

सप्टेंबर २०२० च्या लिलावात वाटणी झाली ती अशी. लोनोक (आर्कान्सा) इथला काडतुसांचा कारखाना आणि खुद्द 'रेमिंग्टन' हे व्यापारचिन्ह व्हिस्टा आउटडोअरने ८.१४ कोटी डॉलरला घेतलं. न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनचा मूळ बंदूक कारखाना आणि टेनेसीतलं बंदुकीच्या नळ्यांचं युनिट राउंडहिल ग्रुपला मिळालं, फक्त १.३ कोटीत. मार्लिन हा लिव्हर रायफलींचा (लिव्हर ओढून काडतूस भरायच्या) ब्रँड 'स्टर्म, रूगर' या बंदूक कंपनीकडे गेला, सुमारे ३ कोटींना. बार्न्स या गोळ्यांच्या व्यवसायासाठी सिएरा बुलेट्सने ३.०५ कोटी मोजले. डीपीएमएस, एच अँड आर आणि आणखी काही नावं मिळून २५ लाख डॉलर, बुशमास्टर १७ लाख, आणि टॅपको हा सुट्या भागांचा ब्रँड १ लाख. सगळं मिळून १६ कोटींच्या थोडं आत.

या आकड्यांकडे नीट बघा. १८१६ पासून चालत आलेला बंदुकांचा धंदा, कारखान्यासकट, १.३ कोटीत गेला आणि काडतुसं व नाव त्याच्या सहापटीहून जास्त भावाने गेलं. काडतूस एकदाच वापरता येतं, ते पुन्हा घ्यावं लागतं. बंदूक पन्नास वर्षं टिकते, आणि तिच्यामागे कोर्टाचे दावे येतात. खरेदीदारांनी भाव लावला तो हे पाहून. नाव व्हिस्टाकडे आणि कारखाना राउंडहिलकडे गेल्यामुळे राउंडहिलची रेमआर्म्स ही कंपनी बंदुकीवर 'रेमिंग्टन' कोरायची ती परवानगीच्या कराराने. पुढे व्हिस्टाचा काडतुसांचा सगळा व्यवसाय २०२४ मध्ये चेकोस्लोव्हाक ग्रुप या चेक उद्योगसमूहाने घेतला.

आता कंपनी का बुडाली, हे. बंदुका खपत नव्हत्या म्हणून बुडाली, हे अर्धंच खरं आहे. २००७ मध्ये सर्बेरस या खासगी गुंतवणूक कंपनीने रेमिंग्टन घेतली तेव्हा रोख ११.८ कोटी डॉलर दिले आणि कंपनीवरचं २५.२ कोटींचं कर्ज अंगावर घेतलं. त्याआधी-त्यानंतर बुशमास्टर, डीपीएमएस, मार्लिन असे ब्रँड गोळा झाले. २०१० मध्ये रेमिंग्टनच्या वरच्या पालक कंपनीच्या नावावर आणखी २२.५ कोटींचे कर्जरोखे काढले गेले. बंदुकांची मागणी अमेरिकेत राजकारणाबरोबर वरखाली होते: कडक कायदा येणार अशी भीती असली की लोक साठा करतात, भीती गेली की दुकानदाराकडे माल पडून राहतो. २०१६ च्या निवडणुकीनंतर नेमकं तेच झालं. विक्री सुमारे ८६.५ कोटींवरून वर्षभरात सुमारे ६० कोटींवर आली. कर्जाचे हप्ते मात्र विक्रीबरोबर खाली येत नाहीत. मार्च २०१८ मध्ये सुमारे ९५ कोटींच्या कर्जासह दिवाळखोरीचा पहिला अर्ज झाला. धनकोंनी ७७.५ कोटींच्या कर्जाच्या बदल्यात कंपनीच घेतली आणि सर्बेरस बाहेर पडली.

याच काळात नवाहो नेशन या अमेरिकेतल्या मूलनिवासी राष्ट्राने कंपनीसाठी ४७.५ ते ५२.५ कोटी रोख देऊ केल्याची बातमी आली होती. सामान्य ग्राहकाला एआर-१५ धर्तीच्या (लष्करी रायफलीच्या घडणीच्या, अर्ध-स्वयंचलित) रायफली विकणं बंद करून पोलीस आणि लष्कर यांच्यावर भर द्यायचा, असा त्यांचा विचार होता. प्रस्ताव स्वीकारला गेला नाही. २०२० मध्ये बोलणी पुन्हा झाली, पुन्हा फिसकटली, आणि जुलैअखेरीस अलाबामात दुसरा अर्ज पडला. त्याच वर्षी अमेरिकेत बंदूक खरेदीसाठीच्या पार्श्वभूमी तपासण्यांचा आकडा ३.९७ कोटींवर गेला, तोवरचा उच्चांक. गिऱ्हाईक दारात उभं होतं, पण पोलाद, पितळ आणि पगार यांच्यासाठी खेळतं भांडवलच उरलं नव्हतं. २०१८ मध्ये कर्ज पुसलं, तरी रोज कारखाना चालवायला लागणारा पैसा उभा राहिला नाही. पहिल्या दिवाळखोरीतून बाहेर पडलेली कंपनी दुसऱ्यांदा तिथेच जाते, ती बहुतेकदा याच कारणाने.

प्रक्रिया भारताहून वेगळी आहे. आपल्याकडे २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात संचालक मंडळाचे अधिकार निलंबित होतात आणि बाहेरून नेमलेला व्यावसायिक (रिझोल्यूशन प्रोफेशनल) कारभार हाती घेतो. अमेरिकेत दिवाळखोरी कायद्याच्या 'चॅप्टर ११' या प्रकरणाखाली जुनंच व्यवस्थापन खुर्चीत राहतं. अर्ज पडल्या क्षणी सगळी वसुली आणि खटले थांबतात. मग लिलावाचे नियम कोर्टाकडून मंजूर होतात. शक्यतो आधीच एक बोलीदार ठरवतात, त्याला स्टॉकिंग हॉर्स म्हणतात. त्याची बोली हा तळ ठरतो, आणि कुणी वरचढ निघालं तर त्याला नुकसानभरपाई म्हणून रक्कम मिळते, साधारण तीन टक्क्यांच्या आसपास. नवाहोंशी बोलणी मोडल्यामुळे अर्ज करताना रेमिंग्टनच्या हातात असा बोलीदार नव्हता. तळच नसला की अख्ख्या कंपनीला भाव येत नाही, मग तुकडे होतात. बोलीबरोबर अनामत भरावी लागते, तारण असलेला धनको रोख न देता आपल्या कर्जाच्या रकमेची बोली लावू शकतो, आणि शेवटी न्यायाधीश सुनावणी घेऊन विक्रीला मंजुरी देतात.

विक्री होते ती त्याच कायद्याच्या कलम ३६३ खाली, बोजामुक्त, म्हणजे जुनी देणी न चिकटता. सगळं पाणी इथे मुरतं. खरेदीदार करारात दोन याद्या जोडतो: कोणती मालमत्ता घेतो आणि कोणती देणी घेतो. दुसरी यादी फार छोटी असते. इलियनच्या कामगारांची देणी त्या यादीत नव्हती. ऑक्टोबर २०२० मध्ये सुमारे ५८५ जणांना काढलं गेलं, त्यांचा आरोग्य विमा बंद झाला, करारातली भरपाई आणि साठलेल्या रजेचे पैसे अडकले. कायदा पगाराला प्राधान्य देतो, पण मर्यादेत: अर्जाआधीच्या १८० दिवसांतलं येणं, माणशी १३,६५० डॉलरपर्यंत (त्या वेळची मर्यादा), आणि तेही तारण असलेल्या धनकोंच्या नंतर. ज्या गावाने पिढ्यानपिढ्या हे नाव वर नेलं त्याला रांगेत इतकं मागे उभं करणारी व्यवस्था मला अन्यायाची वाटते. कारखाना २०२१ मध्ये थोड्या माणसांवर पुन्हा सुरू झाला, मुख्यालय जॉर्जियातल्या लाग्रांजला हलवायचं ठरलं, आणि मार्च २०२४ मध्ये इलियन कायमचं बंद झालं.

एक गोष्ट दिवाळखोरीने पुसत नाही, ती म्हणजे विमा. सँडी हुक शाळेतल्या २०१२ च्या हत्याकांडात बुशमास्टरची रायफल वापरली गेली होती. नऊ बळींच्या कुटुंबांनी लावलेला दावा दोन दिवाळखोऱ्यांनंतरही टिकला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ७.३ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ही रक्कम कंपनीच्या चार विमा कंपन्यांनी द्यायची होती.

बंदूक कंपनी घेणाऱ्याला इतर कारखान्यांत नसलेली अडचण म्हणजे परवाना. मालमत्ता घेतली तर निर्मितीचा फेडरल परवाना सोबत येत नाही, स्वतःचा काढावा लागतो, आणि तो येईपर्यंत यंत्रं थंड राहतात. बनवलेल्या प्रत्येक बंदुकीच्या अनुक्रमांकाच्या वह्या वारसदाराने ठेवायच्या, वारसदार नसेल तर तीस दिवसांत सरकारी मागोवा केंद्राकडे पाठवायच्या.

आणि यंत्रं. यंत्रांबरोबर हात येत नाहीत, हे मार्लिनने दाखवून दिलं. रेमिंग्टनने २०१० मध्ये मार्लिनचा कनेटिकटमधला नॉर्थ हेवनचा कारखाना बंद करायचं जाहीर केलं आणि जुनी यंत्रं इलियनला नेली. घासून सैल झालेल्या त्या यंत्रांवर माप जमवायचं कसब जुन्या कारागिरांच्या बोटांत होतं, आराखड्यांत उतरलेलं नव्हतं. मग लाकडी दस्ता आणि धातू यांच्यात फटी, नेम धरायची माशी वाकडी बसवलेली, अडकणारी काडतुसं अशा तक्रारी वर्षानुवर्षं आल्या. रूगरने हा धडा घेतला: घाईने माल काढला नाही, उत्पादन नॉर्थ कॅरोलिनातल्या मेयोडनला नव्याने बसवलं आणि आपली पहिली रायफल ('१८९५' हे मॉडेल) डिसेंबर २०२१ मध्ये बाहेर काढली.

जुनी मार्लिन घेणाऱ्याने नळीवरचा शिक्का बघावा. 'जेएम' म्हणजे बहुतेकदा रेमिंग्टनच्या आधीची, 'आरईपी' म्हणजे रेमिंग्टनच्या काळातली, आणि अनुक्रमांक 'आरएम'ने सुरू होत असेल तर रूगरची. रूगरची जबाबदारी फक्त शेवटच्या प्रकाराची.

आपल्याकडे हे नाव लोकांना माहीत आहे ते टंकलेखनामुळे. मराठी टायपिंगचा रेमिंग्टन कळफलक याच घराण्यातला. १८८६ मध्ये मूळ रेमिंग्टन कुटुंबाची कंपनी पैशांच्या अडचणीत आली, तेव्हा टाइपरायटरचा धंदा आधी वेगळा विकला गेला. बंदुकांचा धंदा १८८८ मध्ये मार्सेलस हार्टली यांची कंपनी आणि विंचेस्टर ही बंदूक कंपनी यांनी मिळून घेतला. म्हणजे नावाची फाळणी या घरात नवी नाही.

आता वॉरंटी. तुमच्याकडे, किंवा तिकडच्या कुणा नातेवाइकाकडे, २०२० आधीची रेमिंग्टन असेल तर तिची वॉरंटी जुन्या कंपनीबरोबर संपली. रेमआर्म्सवर तिचं बंधन नाही. मॉडेल ७०० या रायफलीबाबत जास्त काळजी घ्या. १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळात बनलेल्या, 'एक्स-मार्क प्रो' नावाचा चाप (ट्रिगर) असलेल्या रायफली परत मागवल्या होत्या, कारण जुळणीत जास्त पडलेल्या चिकट द्रव्यामुळे चाप न ओढता गोळी सुटू शकत होती. त्याआधीच्या चापात एक सुटा दुवा आहे, त्याच्या आणि चापाच्या मध्ये घाण अडकली तर तो जागेवर परत बसत नाही, असा आक्षेप होता. सामूहिक दाव्याच्या तडजोडीत चाप फुकट बदलून मिळत होता, पण अर्जाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. आता बंदूक कारागिराकडून दुसऱ्या कंपनीचा चाप बसवून घ्यायचा, स्वतःच्या खर्चाने, आणि तोवर त्या रायफलीत काडतूस भरायचं नाही.