फौजीची सुट्टी आणि आपली तिकिटं

प्रश्न : माझे मिस्टर आर्मीत शिपाई आहेत. वर्षाला 60 अधिक 30 अशी 90 दिवस सुट्टी असते ना, मग ती एकदमच घेऊन मे महिन्यात दीराचं लग्न उरकायचं आणि मुलांना घेऊन केरळ पण करायचं असं घरात चाललंय. आणि शेजारच्या सीआरपीएफवाल्यांना विमान फुकट आहे म्हणे, आम्हाला का नाही?

उत्तर : ताई, आकडा बरोबर आहे पण बेरीज करू नका. 60 दिवस ॲन्युअल लीव्ह (एएल, वार्षिक रजा) आणि 30 दिवस कॅज्युअल लीव्ह (सीएल, किरकोळ रजा), या दोन वेगळ्या रजा आहेत आणि सीएल दुसऱ्या रजेला जोडता येत नाही. सीएल डिसेंबर संपला की गेली, पुढच्या वर्षात येत नाही, म्हणून लग्नासारख्या चार दिवसांच्या कामाला ती वापरा आणि केरळला एएल ठेवा. एएलचे उरलेले दिवस वर्षाला 30 पर्यंत साठतात, रिटायर होताना जास्तीत जास्त 300 दिवसांचा पगार हातात येतो, त्यामुळे उरलं तर वाया गेलं असं होत नाही.

आता शेजाऱ्यांचं. सीआरपीएफ गृहमंत्रालयाकडे आणि आर्मी संरक्षण मंत्रालयाकडे, दोघांचे नियमच वेगळे. ती विमानाची सोय फेब्रुवारी 2019 मध्ये पुलवामाच्या हल्ल्यानंतर झाली, ती पण दिल्ली-श्रीनगर, जम्मू-श्रीनगर अशा ठराविक मार्गांवर आणि फक्त जवानाला, बायकापोरांना नाही. आणि सीएल त्यांना 15 दिवसच असते हे ते सांगणार नाहीत :)

रेल्वेचं वॉरंट, म्हणजे सरकारी खर्चाने प्रवासाचा कागद, मिळालं म्हणजे तिकीट मिळालं असं समजू नका हं, ते खिडकीवर देऊन तिकीट काढावं लागतं, आता बरंचसं ऑनलाइन होतं, पण बर्थची खात्री कशातच नाही. वेटिंगवर अडकलात तर मोठ्या स्टेशनवर एमसीओचं, म्हणजे फौजींच्या प्रवासाची सोय बघणारं, ऑफिस असतं, तिथे डिफेन्स कोट्यासाठी (फौजींसाठी राखीव जागांसाठी) मिस्टरांनी आधीच जाऊन सांगायचं, गाडी सुटायच्या तासभर आधी नाही.

केरळचं हॉटेल मात्र पैसे परत मिळणारंच घ्या. सुट्टी मंजूर झाली तरी परत बोलावू शकतात, मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी जळगावकडे अंगाची हळद निघाली नव्हती तोवर जवान निघाला होता.

प्रश्न : खासगी विमानात फौजींना सूट असते का?

उत्तर : काही कंपन्या देतात, पण ती मूळ भाड्यावर, टॅक्स पूर्ण. बुकिंग करताना आर्म्ड फोर्सेसचा पर्याय निवडायचा आणि विमानतळावर कार्ड दाखवायचं, घरच्यांचं डिपेंडंट कार्ड पण पर्समध्येच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको. आधी साधं भाडं बघून घ्या, सेल असला तर कधीकधी तेच स्वस्त पडतं.