“चाळीत राहिलीस, मग गाडीत का नको?”

निवृत्तीनंतर घर विकायचं, आरव्हीत कायमचा मुक्काम हलवायचा आणि अमेरिकाभर फिरत राहायचं, असं दोघांपैकी एकाने ठरवलेलं असतं. दुसऱ्याच्या पोटात गोळा आलेला असतो. ही चिंता घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांची बोलणी बहुतेक वेळा सारखीच असतात. “मला जमेल का? आणि नाही म्हटलं तर त्यांचं आयुष्यभराचं स्वप्न मी मोडलं, असं होईल ना?” मी न्यू जर्सीत मराठी कुटुंबांचं समुपदेशन करते. आज ज्या जोडप्याबद्दल लिहिते आहे त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ज्यांनी आरव्ही पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. स्वयंपाकघर, बिछाना, संडास-न्हाणी असं सगळं पोटात घेऊन फिरणारी ही गाडी असते. काही स्वतःच्या इंजिनवर चालतात, काही पिकअप ट्रकच्या मागे जोडून ओढायच्या असतात. मोठ्यातली मोठी घेतली तरी आतली जागा साधारण चारशे चौरस फुटांच्या आसपास भरते.

ताई एकसष्ट वर्षांच्या, त्यांचे यजमान चौसष्टचे. पहिल्या भेटीला ताई एकट्याच आल्या आणि बराच वेळ पाठदुखीबद्दल बोलल्या. मग म्हणाल्या, “ह्यांनी एक्सेल शीट केलीय. त्यात सगळं आहे. मी कुठल्या कॉलममध्ये आहे तेवढं सापडत नाही.”

दुसऱ्या भेटीला यजमान ती शीट घेऊनच आले. माणूस प्रेमळ आणि पद्धतशीर. टायरचं वय, गाडीची भार वाहण्याची मर्यादा, दर महिन्याचं डिझेल, सगळं मांडलेलं. बासष्ट वर्षांवरच्यांना ८० डॉलरमध्ये मिळणारा राष्ट्रीय उद्यानांचा आजीवन पास त्यांनी आधीच काढून ठेवला होता. संघीय सरकारच्या मोकळ्या जमिनींवर एका ठिकाणी सहसा १४ दिवस राहता येतं, म्हणून पहिल्या हिवाळ्याचा ॲरिझोनातला मार्गही चौदा-चौदा दिवसांच्या टप्प्यांनी आखलेला होता. इतकी घाई का, असं विचारलं तेव्हा मात्र ते थांबले. त्यांचा थोरला भाऊ निवृत्तीच्या तोंडावर गेला होता. त्याच्या कपाटात लडाखच्या सहलीची माहितीपत्रकं सापडली होती. हे ताईंना ठाऊक होतं, पण आरव्हीशी त्याचा संबंध आहे हे त्यांनी तेव्हा प्रथम ऐकलं.

त्याच भेटीत ते वाक्य आलं. “तू गिरगावात दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसांत वाढलीस. आपण तर दोघंच. चाळीत राहिलीस, मग गाडीत का नको?”

हा युक्तिवाद मी इतर घरांतही ऐकला आहे. तो वरवर बिनतोड वाटतो, म्हणून त्यावर आम्ही जवळजवळ एक पूर्ण भेट घालवली. मी ताईंना विचारलं, चाळीत तुम्ही खोलीत किती वेळ असायचात? त्या हसल्या. अभ्यास गच्चीत, भाजी निवडणं गॅलरीत, भांडण झालं की शेजारच्या काकूंकडे. मुलं जेवायलाही कधी कधी तिसऱ्याच घरात. खोली लहान होती, पण ताई राहत होत्या त्या सबंध मजल्यावर. दारं दिवसभर उघडी असायची आणि तिथल्या प्रत्येक दारामागे त्यांना कुणीतरी नावाने ओळखत होतं. आरव्हीचं दार उघडलं की समोर आजच आलेला आणि परवा निघून जाणारा शेजारी. चौरस फूट सारखे असले तरी जगणं सारखं नाही. हे यजमानांनी नीट ऐकलं, वहीत काहीतरी लिहिलंही. त्यानंतर चाळीचा दाखला त्यांनी पुन्हा दिला नाही.

म्हणजे ताईंची भीती जागेची नव्हती. मग कशाची? दोघांना मी वेगवेगळं बसून एक यादी करायला सांगितली: निघाल्यावर आपल्या हातून जे सुटेल ते. यजमानांची यादी चार ओळींची होती, त्यात गराजमधली हत्यारं आणि बागेतला कढीपत्ता. ताईंची तीन पानं. मंडळाच्या गणेशोत्सवातली उकडीच्या मोदकांची जबाबदारी. दर गुरुवारी मैत्रिणींसोबत फिरायला जाणं. चाळीस माणसांचं जेवण एकहाती काढण्याचा मान. आणि शेवटच्या पानावर एकच ओळ: “लेकीचं माहेर.”

मुलगी ऑस्टिनला असते, लग्नाला दोन वर्षं झाली आहेत. ताईंचं म्हणणं असं, की बाळंतपण तिच्या घरी होईल हे मान्य, पण लेक दमून, रुसून, काही कारण न सांगता जिथे येऊन झोपू शकते ते घरच विकलं तर ती जाणार कुठे? बोलता बोलता दुसरी गोष्ट निघाली. गिरगावातली त्यांची चाळ पुनर्विकासात गेली होती. आई तोपर्यंत उपनगरात भाच्याकडे होती आणि तिथेच वारली. ताई शेवटच्या वेळी मुंबईला गेल्या तेव्हा चाळीच्या जागी पत्र्याचं कुंपण होतं. आपलं माहेर असं डोळ्यांदेखत पुसलं गेलेल्या बाईला तेच स्वतःच्या हाताने लेकीच्या वाट्याला आणायला सांगितलं जात होतं. पाठदुखी उगाच नव्हती.

मुलांना विचारा, असं मी सुचवलं. मुलगा फोनवर म्हणाला, “विकून टाका, तुमचे पैसे तुम्ही वापरा.” मुलगी गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी तिने आईला वेगळा फोन केला आणि रडली. यजमानांना याचा धक्का बसला. मुलं स्वतंत्र झाली म्हणजे घराचं काम संपलं, असं ते धरून चालले होते.

इथून पुढचं माझं मत स्पष्ट आहे आणि ते मी प्रत्येक जोडप्याला सांगते. निघायची तयारी करताना परतीची तयारी आधी करा. घर पहिल्याच झटक्यात विकू नका. यजमानांना हे वेळकाढूपणाचं वाटलं, तेव्हा मी त्यांना सीपीएकडे, म्हणजे हिशेब-कराच्या सल्लागाराकडे पाठवलं. अमेरिकेच्या करनियमानुसार, विक्रीआधीच्या ५ वर्षांपैकी किमान २ वर्षं घर तुमच्या मालकीचं असेल आणि किमान २ वर्षं तुम्ही स्वतः तिथे राहिला असाल, तर पती-पत्नीच्या एकत्रित विवरणपत्रात ५ लाख डॉलरपर्यंतच्या नफ्यावर संघीय कर लागत नाही. मधल्या काळात घर भाड्याने दिलं तर घसाऱ्याचा हिशेब वेगळा करावा लागतो, पण मूळ सवलत जात नाही. थोडक्यात, निघाल्यापासून जवळपास तीन वर्षं घर भाड्याने ठेवून विचार करायला वाव असतो. तीन वर्षं हा आकडा शीटमध्ये बसला आणि ताईंच्या चेहऱ्यावरचा ताण माझ्यासमोर उतरला.

विम्याचा प्रश्न याहून किचकट निघाला. पासष्टीला यजमानांना मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा मिळणार, पण ताईंना त्यानंतर आणखी तीन वर्षं थांबावं लागणार. त्यांचा विमा यजमानांच्या नोकरीवर. नोकरी सुटल्यावर तोच विमा पुढे चालू ठेवण्याची सोय, म्हणजे कोब्रा, ठरावीक महिनेच चालतं, तेही पूर्ण हप्ता स्वतः भरून. खुल्या बाजारातल्या योजना राज्यागणिक वेगळ्या, आणि त्यांतल्या बऱ्याचशांचे डॉक्टर त्या-त्या भागापुरते. मेडिकेअर सुरू झाल्यावरही मूळ मेडिकेअर देशभर चालतं, त्याऐवजी खासगी कंपन्यांकडून घ्यायच्या ॲडव्हान्टेज योजना मात्र ठरावीक भागातल्या डॉक्टरांशी बांधलेल्या असू शकतात. सतत फिरणाऱ्याला हा फरक फार महत्त्वाचा. दोघं मिळून एजंटकडे गेले आणि निघायची तारीख वर्षभर पुढे गेली. ताई प्रत्येक बैठकीला हजर होत्या. “ह्यांनी सांगितलं” ऐवजी “आम्ही विचारलं” असं बोलणं तेव्हापासून सुरू झालं.

त्या वर्षात त्यांनी गाडी भाड्याने घेऊन पाहिली. जुलैत नको, असा आग्रह मी धरला होता. उन्हाळ्यात सगळ्यांनाच सगळं आवडतं. ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला व्हर्जिनियात शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानात गेले. तिथल्या तळांवर विजेची जोडणी मिळत नाही, म्हणजे बॅटरीवर भागवायचं. पहाटे थंडी. स्कायलाइन ड्राइव्ह या तिथल्या रस्त्यावरचा मेरीज रॉक बोगदा १२ फूट ८ इंच उंचीचा आहे, आणि आपली गाडी किती उंच हे यजमानांना ऐनवेळी आठवेना. ताईंनी भाड्याच्या कागदांतून आकडा शोधून सांगितला, साडेअकरा फूट. तेव्हापासून उंची, वजन आणि पूल हे खातं त्यांच्याकडे आलं.

पुढच्या तळावर ३० अँपिअरची जोडणी होती, म्हणजे सगळं मिळून ३,६०० वॅट. हीटर सुरू असताना इंडक्शनवर कुकर चढवला आणि चहाची किटली लावली, की वीज गेली. फोडणीचा वास उशीत, पांघरुणात, पडद्यात. मग शेगडी बाहेरच्या टेबलावर गेली. ताईंना ते आवडलं. कांदा परतताना शेजारची बाई विचारपूस करायला आली.

सगळ्यांत मोठं भांडण गाडी मागे घेताना झालं. मला यात नवल वाटलं नाही. एक आत, एक बाहेर, आरशात नीट दिसत नाही, ओरडून सांगितलेलं ऐकू येत नाही आणि आजूबाजूचे लोक बघत असतात. परतल्यावर आम्ही यावर खूप वेळ बोललो. ठरलं असं, की हातवारे आणि आरडाओरडा बंद, दोघांनी फोन जोडून बोलायचं आणि “थांब” कुणीही म्हणो, गाडी थांबलीच पाहिजे, कारण नंतर विचारायचं. दुसरं ठरलं ते रागाबद्दल. घरात माणूस दुसऱ्या खोलीत जातो, गाडीत दुसरी खोली नसते. म्हणून “मी फेरी मारून येते” हे वाक्य दोघांनी मान्य केलं. त्यावर पाठलाग करायचा नाही आणि टोमणाही मारायचा नाही. शिवाय रोज काही वेळ दोघांपैकी एकाने गाडीबाहेर, दुसऱ्याशिवाय घालवायचा, भांडण झालेलं असो वा नसो.

मैल्याची टाकी रिकामी करण्याचं काम यजमानांनी न सांगता उचललं. ताईंनी मोठी गाडी चालवायला शिकायचं कबूल केलं. याबाबत मी हटून बसले होते. आडरानात यजमानांच्या छातीत कळ आली तर गाडी हलवता येणारा दुसरा माणूस हवाच.

देवघराचा प्रश्न ताईंनी स्वतः सोडवला. संडासाला लागून असलेली भिंत नको, हे पक्कं होतं. जेवणाच्या टेबलावरचं कपाट निवडलं. गाडी चालू असताना टाक मऊ कापडात, मुक्कामाला पोचल्यावर बाहेर. प्रोपेनच्या गाडीत निरांजन लावायचं नाही, आत बॅटरीचा दिवा. “माउलींच्या पादुका दरवर्षी आळंदीहून पंढरपूरला निघतात, आमच्या देवांनाही प्रवास जमेल,” असं त्या म्हणाल्या. पितळेची मोठी पातेली मात्र मुलीकडे गेली. साठ गॅलन पाण्याचंच वजन पाचशे पौंड होतं, त्यात पितळ कुठे वाहणार?

अजून एक खटका होता, कागदोपत्री पत्त्याचा. कायम फिरणारे लोक बहुधा साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा हे राज्य घेतात. तिथे राज्याचा आयकर नाही आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवा जुन्या आहेत. शीटमध्ये साउथ डकोटा होतं. ताईंना ते लागलं. “गिरगाव, ठाणे, मग जर्सी. आणि आता जिथे माझं कुणीच नाही, त्या गावची रहिवासी मी?” पत्ता टेक्सासचा झाला, कारण लेक टेक्सासात आहे. पैशाच्या हिशेबाने फारसा फरक पडला नाही, ताईंना पडला.

आता घर भाड्याने दिलेलं आहे आणि दोघं निघाले आहेत. मुलीचे दिवस भरत आले की ऑस्टिनजवळच्या आरव्ही पार्कात तीन महिने थांबायचं ठरलं आहे. मोदकांसाठी ताई सप्टेंबरात विमानाने जर्सीला येऊन गेल्या, मैत्रिणीकडे राहिल्या. परत गेल्यावर दोन दिवस गप्प होत्या, असं यजमानांनीच मला कळवलं, आणि आपण काय करावं हेही विचारलं. काही करू नका, शेजारी बसा, असं मी सांगितलं.

वर्षातून दोनदा “थांबायचं की पुढे जायचं” ही चर्चा ठरलेल्या तारखेला होते. त्यात कुणीही थांबायचं म्हटलं तर ते चालेल आणि त्याचा दोष कुणावर येणार नाही, हे दोघांनी लिहून ठेवलं आहे. एक विषय मात्र यजमान सतत टाळतात: गाडी चालवणं त्यांच्याने होईनासं झालं तर पुढे काय. टेक्सासात लिव्हिंगस्टनला, १९७८ साली सुरू झालेल्या एस्केपीज या आरव्हीधारकांच्या क्लबच्या आवारात, म्हाताऱ्या आणि आजारी सभासदांना आपल्याच गाडीत राहून मदत मिळेल अशी सोय आहे. ताईंनी त्याची माहिती काढून ठेवली आहे. यजमानांनी अजून ती वाचलेली नाही. पुढच्या भेटीत आम्ही तिघं त्यावरच बोलणार आहोत.