ऑफर लेटरसोबत युनियनचं पत्रक आलं, म्हणून दचकू नका

तुमच्या भाच्याला न्यूझीलंडच्या कारखान्यातून वेल्डरच्या कामाची ऑफर आलीय. करारासोबत तिथल्या युनियनचं दोन पानी पत्रक आहे आणि एजंट म्हणतोय, "त्याला हात लावू नका, व्हिसा अडकेल." कंपनीच युनियनचा कागद वाटते म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार, असं घरच्यांना वाटतंय. माझी सगळी नोकरी सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत टाइम ऑफिसला (हजेरी आणि भरतीच्या खिडकीवर) झाली आणि मुलगी ऑकलंडला नर्स आहे. तिचे असेच कागद मी ओळ न ओळ वाचलेत, म्हणून लिहितो.

ते पत्रक कंपनीने हौसेने पाठवलेलं नाही. तिथला मालक-कामगार संबंधांचा मूळ कायदा 2000 सालचा. 2018 मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि 6 मे 2019 पासून नवा नियम आला: युनियनने मागणी केली, तर ती काय काम करते याची माहिती नोकरीला येऊ घातलेल्या माणसापर्यंत मालकाने पोचवायची. खर्च युनियनने सोसायचा. मजकूर दिशाभूल करणारा असेल तर मालक नकार देऊ शकतो. थोडक्यात, मालक इथे नुसता पोस्टमन. पत्रकावरून कंपनी फार भली ठरत नाही आणि युनियनच्या मुठीत आहे असंही ठरत नाही.

आपल्याला हे विचित्र वाटतं, त्याला कारण आहे. कामगार चळवळ सोलापूरला काही नवी नाही. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन हे गिरणी कामगारांचे पुढारी होते. पण इथे युनियन कळायची ती चाळीत, चहाच्या टपरीवर, नाहीतर बिडीच्या ब्रँचमध्ये माल द्यायला रांगेत उभ्या असलेल्या बायकांकडून. गिरणीत जॉबर, म्हणजे माणसं भरणारा मुकादम, पोराला आत घ्यायचा, पोरगं बदलीवर (गैरहजर कामगाराच्या जागी) लागायचं, आणि युनियनचं नाव भांडण झाल्यावरच कानावर पडायचं. यंत्रमागावर तर अजूनही कितीतरी जणांच्या हातात नेमणुकीचा साधा कागद नसतो, तिथे पत्रकाची काय कथा?

कायद्याची चौकटही तशीच. महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याने मान्यताप्राप्त युनियनला कारखान्यात फलक लावायचा आणि पगार वाटतात त्या जागी वर्गणी गोळा करायचा हक्क दिला. मालकाला मात्र मुख्यतः काय करू नये तेच सांगितलं: युनियनमध्ये गेलास तर काढून टाकीन अशी धमकी द्यायची नाही, स्वतःची युनियन उभी करायची नाही, कुठल्या एकीला पैसा पुरवायचा नाही. उमेदवाराला माहिती द्या, असं त्यात कुठे नाही. उद्या माझ्यासारख्याने टाइम ऑफिसच्या खिडकीतून नव्या पोराच्या हातात एका युनियनचं पत्रक ठेवलं असतं, तर दुसऱ्या युनियनने दुपारपर्यंत गेटवर बोंब मारली असती, "ही कंपनीच्या खिशातली युनियन!" मग आम्ही काय करायचो? गप्प बसायचो. कुणाचं काही बिघडायचं नाही, फक्त सही करणारा पोरगा कोराच राहायचा. तिकडच्या नियमातली मला पटलेली गोष्ट हीच, की कागद सहीच्या आधी येतो. एकदा सही झाली की विचारणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो, हे मी खिडकीच्या आतल्या बाजूने रोज बघितलंय.

तेव्हा भाच्याला सांगा, पत्रक वाच आणि कंपनीला ईमेलवर सरळ विचार की माझ्या कामाला सामूहिक करार, म्हणजे युनियनने कंपनीशी सगळ्या सभासदांसाठी केलेला करार, लागू आहे का. असेल तर त्याची प्रत मागायची. त्यातला तासाचा दर, ओव्हरटाइम, रात्रपाळीचे पैसे आणि रजा त्याच्या वैयक्तिक कराराशेजारी ठेवून बघायचं. पुष्कळदा फरक दरात नसतो, ओव्हरटाइममध्ये असतो, आणि वेल्डरची कमाई तिथेच होते.

त्याच दुरुस्तीने मे 2019 पासून आणखी एक नियम परत आणला होता. काम सामूहिक करारात बसत असेल, तर नव्या माणसाला पहिले 30 दिवस त्याच कराराच्या अटी मिळायच्या, आणि युनियनमध्ये जायचं की नाही हे लिहून द्यायचा फॉर्म कंपनीला पहिल्या 10 दिवसांत द्यावा लागायचा. हाच 30 दिवसांचा नियम आधी 2015 मध्ये काढून टाकला होता, आणि 2026 मध्ये तो पुन्हा काढला. तिकडे सत्ता पालटली की अशा नियमांवर पहिली कुऱ्हाड पडते, म्हणून एम्प्लॉयमेंट न्यूझीलंड या सरकारी संकेतस्थळावर आजची स्थिती बघूनच पुढे जा.

युनियनमध्ये जाणं सक्तीचं नाही आणि जाऊ नको असंही कुणी म्हणू शकत नाही. वर्गणी किती हे मात्र आधी विचारून घ्यावं. राहिला व्हिसा. तो नोकरीशी आणि तिथल्या इमिग्रेशन खात्याची मान्यता असलेल्या मालकाशी बांधलेला असतो, युनियनच्या सभासदत्वाशी त्याचा काडीचा संबंध नाही. एजंटला म्हणावं, हे लिहून दे. देणार नाही.

आजच्या आज सही करा म्हणून तो मागे लागला असेल तर तेही ऐकू नका. स्वतंत्र सल्ला घेता येतो हे उमेदवाराला सांगणं आणि त्यासाठी पुरेसा वेळ देणं तिथल्या मालकावर बंधनकारक आहे. नोकरी देण्याच्या बदल्यात पैसे घेणं तर तिथे बेकायदाच. आपल्याकडे नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावतीवर. त्याचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट या परदेशी नोकरीसाठीच्या आपल्या सरकारी संकेतस्थळावर टाकून बघा. सापडला नाही तर मूळ पासपोर्ट त्याच्याकडून आधी परत घ्या, बाकीचं मग बोलू.