इराण आणि सौदी अरेबियाचे वैर खरोखर चौदाशे वर्षांचे आहे का?

प्रश्न : मोहरमच्या दिवसांत आमच्या तालमीत पंजे बसतात. यंदा तेथे बोलता बोलता एका जाणत्या गृहस्थांनी सांगितले, की इराण आणि सौदी अरेबिया यांचे आजचे भांडण म्हणजे करबलाच्या लढाईचाच पुढचा भाग असून, ती लढाई अरब आणि इराणी यांच्यात झाली होती. हे खरे आहे का? आणि करबलाचा शोक शियांचा असेल, तर कोल्हापुरात बहुसंख्य मुसलमान सुन्नी असताना पंजे कसे बसतात?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपण ऐकलेले विधान अनेक ठिकाणी ऐकू येते आणि वर्तमानपत्रांतूनही छापले जाते, पण इतिहासाच्या कसोटीवर ते टिकत नाही. प्रथम करबलाविषयीच लिहितो, कारण चुकीचे मूळ तेथेच आहे.

इ. स. ६३२ मध्ये मदिनेत पैगंबर मुहंमद यांचे निधन झाले, तेव्हा समाजाचे नेतृत्व कोणी करायचे हा प्रश्न उभा राहिला. मदिनेतील काही प्रमुखांनी एकत्र येऊन अबू बक्र यांची निवड केली. हा मान पैगंबरांचे चुलतभाऊ आणि जावई अली यांचा आहे, असे मानणारा गटही होता; पुढे हा गट शिया म्हणून ओळखला जाऊ लागला, आणि अबू बक्र यांची निवड मान्य करणाऱ्यांची परंपरा सुन्नी म्हणून. अबू बक्र, उमर आणि उस्मान यांच्यानंतर ६५६ मध्ये अली खलिफा, म्हणजे समाजाचे प्रमुख, झाले, परंतु उस्मान यांच्या हत्येमुळे निर्माण झालेली फूट त्यांना सांधता आली नाही. सीरियाचे सुभेदार मुआविया यांच्याशी ६५७ मध्ये सिफ्फीन येथे त्यांचे युद्ध झाले आणि ६६१ मध्ये आजच्या इराकमधील कूफा येथील मशिदीत अली यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला. त्यानंतर सत्ता दमास्कसच्या उमय्या घराण्याकडे गेली. मुआविया यांनी आपला मुलगा यझीद याला वारस नेमले आणि खिलाफत वंशपरंपरेने चालू लागली. यझीदची सत्ता मान्य न करता अली यांचे पुत्र हुसैन कूफावासीयांच्या निमंत्रणावरून निघाले आणि १० ऑक्टोबर ६८० रोजी, म्हणजे हिजरी ६१ च्या मोहरमच्या दहा तारखेला, इराकमधीलच करबला येथे आपल्या मोजक्या साथीदारांसह मारले गेले.

या सगळ्या घटनाक्रमात दोन्ही बाजूंचे नेते अरब होते, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. करबला येथे हुसैन यांच्यासमोर उभ्या असलेल्या सैन्याचा सेनापती उमर इब्न साद हा, ज्या साद यांनी कादिसिया येथे इराणच्या ससानी साम्राज्याचा पराभव केला, त्यांचाच मुलगा होता. हुसैन यांना ज्यांनी बोलावले आणि ऐन वेळी ज्यांनी पाठ फिरवली, ते कूफा शहरही अरब सैन्याची वसाहत म्हणून उभे राहिले होते. तेव्हा लढाई अरब आणि इराणी यांच्यात झाली, हे म्हणणे सरळसरळ चुकीचे आहे. राज्य कोणाचे आणि कोणत्या अधिकाराने, हा तो वाद होता.

इराण सुरुवातीपासून शिया होता, ही समजूतही तितकीच चुकीची आहे, आणि मला वाटते की सारा घोटाळा तिच्यामुळेच होतो. सुन्नी परंपरेत हदीसचे, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचे व आचरणाच्या आठवणींचे, जे सहा संग्रह प्रमाण मानले जातात, त्यांचे संकलक बुखारा, निशापूर, तिर्मिझ, सिस्तान, नसा आणि कझवीन या गावांचे किंवा प्रदेशांचे होते; हे सर्व इराणी संस्कृतीचे प्रदेश, आणि त्यांतील निशापूर व कझवीन तर आजच्या इराणातच आहेत. उलट, आज शिया धर्मविद्येचे मोठे केंद्र असलेले कुम हे शहर शिया झाले ते कूफाहून आलेल्या अशअरी टोळीच्या अरबांमुळे. शिया पंथ इराणचा राजधर्म झाला तो १५०१ मध्ये, सफवी घराण्याच्या शाह इस्माईलने तब्रीझ येथे राज्य स्थापल्यानंतर. लोकांना हा पंथ शिकवण्यासाठी पुढच्या काळात आजच्या लेबनॉनमधील जबल आमिल या अरब प्रदेशातून धर्मपंडित आणावे लागले, यावरून आधीची स्थिती काय होती हे कळते. करबला आणि हे राज्य यांच्यात आठशे वर्षांहून अधिक अंतर आहे.

सौदी राज्याचा पाया १७४४ च्या सुमारास दिरिया येथे मुहंमद इब्न सौद आणि धर्मसुधारक मुहंमद इब्न अब्द अल-वहाब यांच्यात झालेल्या करारात आहे. आजचे राज्य १९३२ चे. शियांच्या प्रथांना वहाबी विचाराचा कडवा विरोध होता, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सौदींच्या वहाबी सैन्याने करबलावर हल्लाही केला, हे मान्य करायलाच हवे. तरीसुद्धा पंथभेद असला म्हणजे राज्याराज्यांत वैर असतेच असे नाही. १९६२ मध्ये येमेनमध्ये यादवी सुरू झाली, तेव्हा सुन्नी सौदी राजाने पदच्युत झालेल्या झैदी शिया इमामाची बाजू घेतली आणि सुन्नी इजिप्तच्या नासर यांना विरोध केला. इराणचा शाहही त्याच बाजूला होता. त्या काळी दोघेही राजे होते, दोघेही अमेरिकेचे मित्र होते आणि राजेशाही उलथवणाऱ्या क्रांतीचे भय दोघांनाही होते.

बदल झाला तो १९७९ मध्ये. इराणमध्ये शाह गेला आणि इस्लामी प्रजासत्ताक आले, ज्याच्या घटनेने सर्वोच्च अधिकार धर्मशास्त्रज्ञाला दिला. तेथे संसद आणि राष्ट्राध्यक्ष यांच्या निवडणुका होतात, पण कोणी उभे राहायचे हे बारा जणांचे पालक मंडळ ठरवते आणि त्यांतील सहा धर्मपंडित सर्वोच्च नेता नेमतो. सौदी अरेबियात १९९२ च्या मूलभूत कायद्यानुसार राज्य त्याचे संस्थापक अब्दुलअझीझ यांच्या वंशजांकडेच राहते आणि दीडशे सदस्यांची सल्लागार सभा राजा नेमतो. राजेशाही इस्लामला धरून नाही, असे इराणच्या क्रांतीचे नेते आणि पहिले सर्वोच्च नेते खोमेनी उघडपणे सांगत होते, आणि मक्का-मदिनेची सेवा हाच ज्याच्या राजपदाचा मोठा आधार, त्या घराण्याला हे शब्द झोंबणे स्वाभाविक होते. दोघांतील आजचा विरोध या ठिकाणी आहे. २०१६ मध्ये त्यांनी संबंध तोडले आणि १० मार्च २०२३ रोजी बीजिंगमध्ये ते पुन्हा जोडण्याचे ठरवले. चौदा शतकांच्या धर्मवैरावर चीनच्या मध्यस्थीने असा तोडगा निघाला नसता.

आता कोल्हापूरच्या पंज्यांविषयी. हुसैन हे पैगंबरांचे नातू असल्यामुळे त्यांच्याविषयीचा आदर सुन्नींमध्येही आहे; शोक करण्याच्या रीतींत फरक आहे. दख्खनमध्ये या आदराला पंजे, ताबूत आणि मिरवणुका यांचे रूप आले, त्यामागे येथील शिया दरबारांचा आश्रय होता. पन्हाळा ज्यांच्या ताब्यात होता, त्या विजापूरच्या युसुफ आदिलशहाने सोळाव्या शतकाच्या आरंभी सफवींचा कित्ता गिरवून शिया पंथ स्वीकारला. त्याचा नातू पहिला इब्राहिम सुन्नी झाला, आणि इब्राहिमचा मुलगा अली पुन्हा शिया. दरबाराचा पंथ असा बदलत राहिला, पण मोहरम गावागावांत रुजला आणि हिंदू कुटुंबांनीही तो आपला मानला. बाबूजमाल दर्ग्यातील पंजाच्या दर्शनासाठी खत्तलरात्री, म्हणजे मोहरमच्या दहाव्या दिवसाच्या आदल्या रात्री, जी गर्दी होते, तीत शिया किती आणि सुन्नी किती हा प्रश्न कोणी विचारत नाही, हे आपण स्वतः पाहिलेच असेल.